गावासाठी निधी आणायचाय? आधी जागेचा कागद, मग ठराव, मग अर्ज

गावात अभ्यासिका पाहिजे, सभागृह पाहिजे, तांड्यावर सिमेंट रस्ता पाहिजे, की लोकं काय करतात तर एक अर्ज लिहितात, पन्नास सह्या घेतात आणि आमदारांना नाहीतर कलेक्टर हापिसात नेऊन देतात. फोटो ग्रुपवर पडतो. पुढं वर्षभर काहीच हालत नाही आणि मग आपल्या गावाला कोणी विचारत नाही अशी चर्चा पारावर सुरू होते. खरं बघितलं तर त्या अर्जासोबत जागेचा कागद नसतो, ठराव नसतो, इस्टिमेट नसतं, म्हणजे समोर बसलेल्या क्लार्कला त्या अर्जाचं करण्यासारखं काहीच नसतं, तो आवक नंबर टाकतो आणि फाईलला लावून ठेवतो. अर्ज हा या सगळ्यातला शेवटचा कागद आहे बघा. त्याच्या आधीचं जमलं तर अर्ज दोन पानी असला तरी चालतो.

मी इथं अख्खा क्रम सांगते, आणि उदाहरण म्हणून अभ्यासिकाच घेते, कारण लातूर-नांदेड असो का हिंगोली-परभणी, आपल्याकडं प्रत्येक गावात पोलीस भरतीची, तलाठीची, एमपीएससीची तयारी करणारी पोरं आहेत आणि पोरी तर त्याहून जास्त, ज्यांना घरच्यांनी शहरात रूम करून दिलेली नसते. त्यांना गावातच लाईट आणि पंखा असलेली एक खोली मिळणं हे मला लई गरजेचं वाटतं. रस्ता, नाली, सभागृह कशालाही क्रम हाच लागतो.

पैसे मागणार कोण, हे पहिल्यांदा ठरवा

युवक मंडळ, गणेश मंडळ, बचत गट यांच्या नावावर बांधकामाचा सरकारी निधी सहसा येत नाही. ग्रामपंचायतीच्या नावानं येतो. त्यामुळं मंडळाच्या लेटरहेडवर मागणी करण्यापेक्षा ती ग्रामपंचायतीकडून करून घ्यायची, मंडळानं मागं लागायचं. सरपंच आपल्या गटाचा नसला तरी रस्ता हाच आहे, हे कडू वाटलं तरी मान्य करून चला, कारण ग्रामपंचायतीला टाळून आणलेलं काम पुढं कुठंतरी अडकतंच.

संस्था नोंदणीकृत असेल तर थोडी गोष्ट वेगळी. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा अशा दोन्हीत नोंद असते, पण आपल्याकडं बऱ्याच संस्थांचं असं झालेलं असतं की अध्यक्ष वारले, सेक्रेटरी पुण्याला गेला, आणि धर्मादाय कार्यालयात नावं अजून जुनीच. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, लोकं त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. तो नसला तर परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर, म्हणजे संस्थेच्या धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या नकलेवर, जुनी माणसं दिसतात आणि तुमची सही कोणी धरत नाही. ऑडिटही दरवर्षीचं पाहिजे. हे सगळं तयार नसेल तर ग्रामपंचायतीचाच रस्ता धरा.

जागा

सगळ्यात जास्त फायली इथं मरतात म्हणून हे जरा निवांत वाचा.

गावठाणातली जागा ग्रामपंचायतीच्या नावावर असेल तर नमुना नंबर ८ चा उतारा काढा, त्यावर ग्रामपंचायतीचं नाव, मालमत्ता क्रमांक आणि क्षेत्रफळ नीट आहे का बघा. तोंडी "ती जागा पंचायतीचीच आहे की" याला काही अर्थ नाही. जुनी शाळेची पडकी खोली आहे तिथं बांधू म्हणाल तर ती जागा जिल्हा परिषदेची असू शकते, मग शिक्षण विभागाची परवानगी लागते, खोली पाडायला निर्लेखनाची, म्हणजे जुनी इमारत रेकॉर्डवरून कमी करायची, वेगळी मान्यता लागते, आणि त्यात लई वेळ जातो.

गायरान असेल तर सावध. सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या निकालानंतर राज्य सरकारनं गायरान जमिनी देण्यावर कडक बंधनं घातलेली आहेत, सार्वजनिक कामासाठीसुद्धा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, ग्रामसभेनं नुसता ठराव केला म्हणून तिथं बांधकाम करता येत नाही. आणि आपल्या भागातली खास अडचण म्हणजे निजामाच्या काळातल्या जमिनी. सातबाऱ्यावर कुठं इनाम, मदतमाश, खिदमतमाश असा शब्द दिसला नाहीतर भोगवटादार वर्ग २ (सरकारच्या परवानगीशिवाय विकता-देता न येणारी जमीन) लिहिलेलं दिसलं तर तहसीलला विचारल्याशिवाय एक पाऊल पुढं टाकू नका, मग ती जमीन देणारा माणूस कितीही मोठ्या मनाचा असो.

कोणी शेतकरी स्वतःची गुंठा-दोन गुंठे जागा द्यायला तयार असतो. चांगलीच गोष्ट आहे ती. पण बॉन्डवर नोटरी करून घेतली म्हणजे जागा मिळाली असं होत नाही, दुय्यम निबंधकाकडं रजिस्टर बक्षीसपत्र ग्रामपंचायतीच्या नावानं व्हायला पाहिजे आणि मग फेरफार. भावा-बहिणींची नावं सातबाऱ्यावर असतील तर त्या सगळ्यांच्या सह्या. बहिणीची सही राहिली म्हणून काम सुरू झाल्यावर स्टे आला तर आलेला निधी परत जातो, म्हणून हे आधीच बघा.

१९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडची जी गावं नव्यानं वसवली तिथल्या लोकांनी आपल्या गावाचा मंजूर लेआऊट काढून बघावा, सार्वजनिक वापराच्या मोकळ्या जागा त्यात दाखवलेल्या असतात.

ग्रामसभा आणि ठरावाचे शब्द

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्यायच्याच असतात, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते. कोरम म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. आपल्या गावात हजार-दीड हजार मतदार असले तरी शंभर जण बसवले की काम भागतं, आणि अभ्यासिकेचा विषय असेल तर पोरं-पोरी स्वतःच आली तरी निम्मा कोरम होतो (अठरा पूर्ण आणि मतदार यादीत नाव पाहिजे बरं का).

सभेत उठून विषय मांडू असं ठेवू नका. नोटीस निघायच्या आधीच ग्रामसेवकांना, म्हणजे आता २०२४ पासून ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांना, लेखी पत्र द्या की येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, आणि पोच घ्या. विषय नोटिशीत आला की मग तो "आयत्या वेळचा" म्हणून टाळता येत नाही. महिला सभेत आधी मांडून घेतला तर अजून भक्कम होतो, कारण तिथल्या ठरावाची दखल ग्रामसभेला घ्यावी लागते, आणि पोरींच्या आया हा विषय जितक्या जोरात मांडतात तितकं कोणीच मांडत नाही.

ठराव कसा लिहितात यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. "गावात अभ्यासिका व्हावी असे सर्वानुमते ठरले" एवढंच लिहिलं तर तो ठराव जवळपास निकामी. त्यात एवढं तरी पाहिजे:

"मौजे ... येथील ग्रामपंचायत मालमत्ता क्र. ... , क्षेत्र ... चौ.मी. या ग्रामपंचायतीच्या मालकीच्या व ताब्यातील जागेवर सार्वजनिक अभ्यासिका बांधकाम करणे या कामास ही सभा मंजुरी देत आहे. सदर जागेबाबत कोणताही वाद नाही. सदर काम यापूर्वी कोणत्याही योजनेतून झालेले नाही. काम पूर्ण झाल्यावर देखभाल, दुरुस्ती व वीज बिलाची जबाबदारी ग्रामपंचायत घेईल. सदर काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करण्यात यावे व शासनाच्या उपलब्ध योजनेतून निधीची मागणी करण्यात यावी. सूचक ... अनुमोदक ..."

शेवटून दुसरं वाक्य लई महत्त्वाचं, आराखड्यात समाविष्ट करण्याचं. आणि कामाचं नाव एकदा जे लिहिलं तेच अक्षर न् अक्षर सगळीकडं वापरा. ठरावात "अभ्यासिका", इस्टिमेटमध्ये "वाचनालय इमारत" आणि आमदारांच्या पत्रात "सांस्कृतिक सभागृह" असं झालं तर ती तीन वेगळी कामं धरली जातात आणि फाईल परत येते.

सभा झाली की आठ-दहा दिवसांत ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्या. प्रोसिडिंग बुकात काय लिहिलंय हे स्वतः वाचा. नक्कल देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत, पण शक्यतो गोडीनं मागा, गावात रोजचं तोंड बघायचं असतं.

आराखडा

आमचं गाव आमचा विकास म्हणून जो ग्रामपंचायत विकास आराखडा बनतो त्याची मोहीम दरवर्षी २ ऑक्टोबरपासून सुरू होते आणि थंडी संपेपर्यंत आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवला जातो. एकदा चढला की मग मध्येच काम घुसवणं अवघड, म्हणून हालचाल ऑगस्टमध्येच सुरू करायची, पंधरा ऑगस्टच्या सभेत ठराव झाला तर उत्तम. आपलं काम पोर्टलवर आलंय का हे घरबसल्या बघता येतं, मेरी पंचायत नावाचं अॅप आहे त्यातही दिसतं. भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, म्हणाले "घेतलंय" तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

बचत गटाच्या बायांसाठी एक वेगळी वाट आहे जी बऱ्याच जणींना माहीत नसते. उमेद म्हणजे बचत गटांचं सरकारी अभियान, त्यातल्या ग्रामसंघानं (गावातल्या गटांचा मिळून संघ) गाव दारिद्र्य निर्मूलन आराखडा करायचा असतो आणि तो ग्रामसभेत मांडून ग्रामपंचायतीच्या आराखड्याला जोडायचा असतो. तुमची मागणी त्यात घाला. सीआरपी ताईला, म्हणजे उमेदचं काम बघणाऱ्या गावातल्या कार्यकर्तीला, विचारा, ती फॉर्म भरून घेते.

पैसा कुठल्या खिशातून मागायचा

पहिला खिसा वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून पंचायतींना येणारा पैसा. पंधराव्या वित्त आयोगाचा कालावधी २०२१ ते २०२६, आणि त्यापुढं सोळावा. पंधराव्यात ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायची, उरलेली ४० टक्के अबंधित, ती गावाच्या गरजेप्रमाणं, फक्त पगार आणि आस्थापनेवर नाही. महाराष्ट्रात आलेल्या रकमेचे ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला आणि १० जिल्हा परिषदेला असं वाटप ठरलं. अभ्यासिका अबंधितमध्ये बसते, आणि कोणी म्हणालं की हा विषय पंचायतीचा नाही तर राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी जे २९ विषय दिलेत त्यात ग्रंथालयं आहेत हे सांगा. पण रक्कम लोकसंख्येवर येते, लहान गावाला वर्षाचे अबंधित म्हणून जे काही येतं त्यात इमारत होत नाही. मग फर्निचर, पंखे, सोलर, पुस्तकं याच्यासाठी ते ठेवा आणि बांधकाम दुसरीकडून आणा, हा माझा सल्ला. निवडून आलेली बॉडी नसली, प्रशासक असला, तर वित्त आयोगाचा हप्ता अडकतो हेही लक्षात असू द्या.

दुसरा आमदार निधी आणि खासदार निधी. महाराष्ट्रात आमदाराला वर्षाला ५ कोटी, खासदाराला ५ कोटी. ऐकायला मोठं वाटतं पण एका मतदारसंघात शेकडो गावं वाड्या तांडे असतात. इथं प्रोसेस अशी की आमदार काम सुचवतात, म्हणजे शिफारस पत्र देतात, ते जिल्हा नियोजन कार्यालयात जातं, तिथून इस्टिमेट मागवतात, जिल्हाधिकारी प्रशासकीय मान्यता देतात आणि यंत्रणा काम करते. पैसा आमदारांच्या हातात कधीच येत नाही. म्हणून आमदारांकडं गेल्यावर "साहेब निधी द्या" म्हणण्यापेक्षा तयार फाईल द्या आणि म्हणा की शिफारस पत्र पाहिजे. तयार फाईलवाल्या गावाचं काम लवकर सुचवलं जातं, कारण कार्यालयालाही मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. देवळाचं, मशिदीचं, विहाराचं बांधकाम यातून होत नाही, आणि खाजगी मालकीच्या जागेवरही नाही. खासदार निधीत १५ टक्के अनुसूचित जातीच्या आणि साडेसात टक्के जमातीच्या वस्त्यांसाठी राखून सुचवायचे असतात.

तिसरा पंचवीस पंधरा. पुढारी ज्याला "पंचवीस पंधरामधून दिलं" म्हणतात ते ग्रामविकास विभागाचं २५१५ लेखाशीर्ष (बजेटमधलं खातं) आहे, गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामं, लोकप्रतिनिधींच्या शिफारशीनं मंत्रालयातून मंजूर होतात. रस्ता, सभागृह, पेव्हर ब्लॉक यातून खूप होतात.

चौथा डीपीडीसी, म्हणजे जिल्हा नियोजन समिती, अध्यक्ष पालकमंत्री, तिच्याकडची जिल्हा वार्षिक योजना. जनसुविधा योजना यातलीच, पण ती जास्त करून स्मशानभूमी आणि ग्रामपंचायत इमारतीसाठी.

वस्ती अनुसूचित जाती-नवबौद्धांची असेल तर जिल्हा परिषदेच्या समाज कल्याण विभागाची वस्ती विकास योजना बघा, लोकं अजून तिला दलित वस्तीच म्हणतात. त्यात पाच वर्षांचा बृहत आराखडा असतो, त्यात तुमच्या वस्तीचं नाव आणि लोकसंख्या बरोबर आहे का हे बघितल्याशिवाय मागणी करण्यात अर्थ नाही. बंजारा तांडे, धनगर वाड्या यांच्यासाठी तांडा वस्ती सुधार योजना आहे, गट ग्रामपंचायत (दोन-तीन गावांची मिळून एक) असेल तर तांड्याचं नाव ठरावात वेगळं लिहून घ्या, नाहीतर मंजूर काम मोठ्या गावात होतं आणि तांडा तसाच राहतो. हे आपल्याकडं होतं आणि ते थांबायला पाहिजे.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातूनही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. रक्कम थोडी असते. पण अभ्यासिकेला रॅम्प, मुलींसाठी स्वच्छतागृह हे मागायला आधार मिळतो.

नगरपंचायत हद्दीत असाल तर ग्रामसभेच्या जागी नगरसेवक आणि मुख्याधिकारी, बाकी जागा-ठराव-इस्टिमेट हा क्रम तोच.

इस्टिमेट

हे पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागातले कनिष्ठ अभियंता करून देतात, चालू दरसूचीप्रमाणं. त्यांना जागेवर आणा. कागदावर बसून केलेल्या इस्टिमेटमध्ये आपली काळी माती धरलेली नसते, मग पाया खोदायला गेलं की मुरूम लागेपर्यंत खालीच जावं लागतं, पैसे पायातच संपतात आणि वरचं काम उरकून टाकतात, दोन पावसाळ्यांत भिंतीला चिरा. त्यामुळं आधीच सांगा की साहेब इथं काळवट आहे, पाया त्या हिशोबानं धरा. वीज फिटिंग, मीटर, स्वच्छतागृह, पाण्याची टाकी हे इस्टिमेटमध्येच घ्या, नंतर वेगळं मागितलं तर मिळत नाही.

मागणी एका योजनेच्या मर्यादेत बसत नसेल तर टप्पे करा, पण प्रत्येक टप्पा वापरता येईल असा करा. समजा बारा लाखांचं आहे आणि सात लाख मिळतायत, तर एक खोली पूर्ण, प्लास्टर-लाईटसकट, दुसरी पुढच्या वर्षी. नुसते कॉलम उभे करून ठेवलेल्या इमारती आपण सगळ्यांनी बघितल्यात.

फाईल आणि पाठपुरावा

फाईलमध्ये वरती ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर मागणी पत्र, मग ठरावाची नक्कल, नमुना ८ नाहीतर सातबारा, जागेचा हातनकाशा, जागेचे जिओटॅग फोटो, इस्टिमेट, काम दुबार नसल्याचा दाखला, देखभालीची हमी. मागणी पत्रात गरज आकड्यांत लिहा: गावात बारावीच्या पुढचे किती, स्पर्धा परीक्षेवाले किती, त्यात मुली किती, जवळची अभ्यासिका किती किलोमीटरवर, एसटी किती वाजता शेवटची. हे दोन पोरींनी घरोघर फिरून एका रविवारी गोळा होतं आणि भावनिक भाषणापेक्षा जास्त वजन पडतं. तीन सेट करा, प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर आवक नंबर-तारीख-शिक्का घ्या.

मग फोन करताना "आमच्या कामाचं काय झालं" असं विचारू नका, आवक नंबर सांगून विचारा की फाईल कोणत्या टेबलावर आहे आणि त्रुटी काय आहे. त्रुटी लेखी मागा. प्रशासकीय मान्यता (कामाला आणि खर्चाला मंजुरी) आणि तांत्रिक मान्यता (अभियंत्यांनी इस्टिमेटला दिलेली मंजुरी) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक झाली म्हणून दुसरी झाली असं समजू नका, आणि दोन्ही झाल्याशिवाय नारळ फोडू नका. मध्ये आचारसंहिता लागली तर नवीन मंजुऱ्या थांबतात, तेव्हा निवडणुकीच्या वर्षी सगळं आधीच रेटा.

मंजूर झाल्यावर

वर्क ऑर्डरची आणि इस्टिमेटची प्रत गावाकडं ठेवा, कामाच्या जागी बोर्ड लावून घ्या, त्यावर योजना, रक्कम, ठेकेदार, मुदत. आपल्याकडं मंजुऱ्या मार्चमध्ये येतात आणि काम एप्रिल-मेमध्ये ऐन टंचाईत सुरू होतं, प्यायलाच टँकर असतो तिथं स्लॅबला पाणी कोण मारणार. क्युरिंग नीट झालं नाही तर सिमेंट कितीही चांगलं वापरा उपयोग नाही. जमत असेल तर ठेकेदाराकडून काम पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या पुढं सुरू करून घ्या, मुदत मात्र लेखी वाढवून घ्यायची, तोंडी नाही. उन्हाळ्यातच करायचं झालं तर स्लॅबवर आळं करून पाणी साठवा, भिंती-कॉलमला पोती गुंडाळा, आणि गावातल्या दोन जणांवर पाणी मारायची जबाबदारी टाका.

अभियंता मोजमाप करून एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, नोंद करतात, त्यावर बिल निघतं. पूर्णत्वाचा दाखला आणि उपयोगिता प्रमाणपत्र (यूसी, निधी त्याच कामाला वापरला याचा दाखला) वेळेत गेलं का हे ग्रामसेवकांना विचारत राहा, आधीच्या कामाची यूसी थकली की त्याच गावाला पुढचा निधी मागताना अडचण येते. इमारत ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत चढवून घ्या. आणि उद्घाटनाच्या आधीच मासिक सभेत ठराव करून घ्या की चावी कोणाकडं, मुलींसाठी वेळ कोणती, लाईट बिल कोणत्या खात्यातून, कारण मीटर कापलं तर सगळ्यात आधी पोरींचं येणं बंद होतं.